अकराव्या मजल्यावरची थंडी

त्या उंच, काचेच्या इमारतीत नोकरीला लागल्यावर महिन्याभरातच त्यांचं नाव बंदकरताई पडलं. कुणी पाडलं ते कळलं नाही, पण तळघरापासून गच्चीपर्यंत सगळ्यांच्या तोंडी तेच. त्यांचं कामच तसं होतं. इमारत किती वीज खाते आणि त्यापायी दूर कुठेतरी वीजकेंद्राच्या धुराड्यातून किती कार्बन हवेत जातो ते बघायचं आणि दोन्ही कमी करून दाखवायचं. त्यामुळे दिसेल त्याला ‘हे बंद करा, ते बंद करा’ म्हणणं ओघानं आलंच.

आधीची बरीच वर्षं त्यांनी एका शीतगृहात इंजिनियर म्हणून काढली होती. तिथे दार जरा उघडं राहिलं की मालक स्वतः ओरडत यायचा. इथे चारही दारं सताड उघडी टाकली तरी कुणाच्या बापाचं काही जात नव्हतं. भाड्याने बसलेल्या कंपन्या जागेच्या मापाने विजेचा ठरलेला आकार भरायच्या. वीज उडवा नाहीतर वाचवा, आकडा तोच. मग वाचवणार कोण?

एका रणरणत्या दुपारी त्या अकराव्या मजल्यावर गेल्या. तिथल्या विमा कंपनीत त्यांची धाकटी नणंद कामाला होती, तिला घराची किल्ली द्यायची होती. नणंद शाल पांघरून, पायांत लोकरी मोजे घालून बसली होती. टेबलाखाली काहीतरी लालभडक दिसत होतं.

“हे काय गं?”

“हीटर.”

“ते दिसतंय मला. भर उन्हाळ्यात?”

“वहिनी, तुमच्या इमारतीत उन्हाळा असतो कुठे? माझी पायाची बोटं जागेवर आहेत की गळून पडली, तेही कळत नाही.”

बंदकरताई खाली वाकल्या. त्या ओळीत जवळजवळ प्रत्येक टेबलाखाली तसाच लाल उजेड. त्यांचं डोकंच फिरलं. वरून गार करायला वीज, खालून ऊब घ्यायला वीज, आणि बाहेर रस्त्यावर माणसं भाजून निघतायत! त्यांनी तडकाफडकी सुरक्षारक्षकाला बोलावून सगळे हीटर जमा करायला लावले.

व्हायचा तो गहजब झाला. मजल्यावरच्या बायकांनी त्यांच्याशी लिफ्टमध्ये बोलणं टाकलं. रविवारी सासूबाईंकडे सगळे जेवायला जमले, तर नणंद घाम पुसत पुसत, शाल आणि मोजे घालूनच पानावर बसली.

“अगं, उकडतंय ना! काढ ते,” सासूबाई म्हणाल्या.

“राहू दे आई. सवय ठेवलेली बरी. आपल्या घरातल्याच माणसाने माझा हीटर उचलून नेलाय.”

सासूबाईंनी सुनेकडे पाहिलं. सुनेने नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने ताटातून मान वर काढली नाही.

त्या दिवशी बंदकरताई अर्ध्या जेवणावरूनच उठल्या. राग होताच, पण त्याहून जास्त टोचत होतं ते नणंदेचं खरं असणं. मजल्यावर खरोखरच कुडकुडायला होत होतं. एसी तर बेताचाच लावलेला. मग एवढा गारठा येतो कुठून?

सोमवारी त्या खुर्ची घेऊन नणंदेशेजारीच जाऊन बसल्या. नणंद फुगलेलीच होती. दुपारी कॉफीसाठी उठल्यावर बंदकरताईंना ते दिसलं. मजल्याचं तापमान मोजणारी डबी होती कॉफीच्या यंत्राच्या बरोब्बर वर. मागे कधीतरी फर्निचर बदलताना यंत्र तिथे आणून ठेवलेलं. दिवसभर वाफ डबीला लागायची, डबीला वाटायचं अख्खा मजला तापलाय, आणि तळघरातली यंत्रं जिवाच्या आकांताने गार हवा वर ढकलत राहायची. या यंत्रातून त्या स्वतः कितीदा कॉफी प्यायल्या होत्या. मान वर करून बघायला कधी सुचलं नव्हतं.

त्यांना वाटलं, डबी हलवली की संपलं. कसलं काय! इमारतीचे मॅनेजरसाहेब म्हणाले, भिंत भाडेकरूची. विमा कंपनी म्हणाली, डबी इमारतीची. फर्निचरवाला म्हणाला, लाकडी भिंतीला भोक पाडलंत तर माझी हमी गेली. बरं, निदान कॉफीचं यंत्र तरी हलवा? त्याला पाण्याची नळी ओढावी लागेल, ते पुढच्या बैठकीत ठेवू. बैठकीमागून बैठका झाल्या. बंदकरताई दर वेळी टनांतला कार्बन सांगायच्या, समोरची माणसं दर वेळी गंभीरपणे माना डोलवायची आणि दुपारच्या जेवणाला निघून जायची. उन्हाळा सरला, दुसरा तोंडावर आला.

शेवटी नणंदच म्हणाली, “वहिनी, तुम्ही वीज वीज करत बसता, म्हणून कुणी ऐकत नाही. थांबा, मी बघते.”

तिने आपल्या साहेबांना एवढंच सांगितलं, की गारठ्याने पाठी धरल्यात, म्हणून निम्म्या बायका पुढच्या आठवड्यात रजा टाकतायत. दोन दिवसांत कॉफीचं यंत्र दुसऱ्या कोपऱ्यात गेलं.

मजला माणसात आला. शाली गेल्या, मोजे गेले. विजेचा वापर चांगलाच उतरला. बंदकरताईंना आनंद झाला, पण त्याला एक कडवट चव होती. वर्षभर आपण घसा फोडला त्याची किंमत शून्य, आणि पाठदुखीचं नाव काढताच दोन दिवसांत काम!

तरी त्या हौसेने मॅनेजरसाहेबांना सांगायला गेल्या. साहेब खूश झाले. “वा! म्हणजे आता तेवढी वीज मोकळी झाली. दर्शनी भिंतीवर जाहिरातीचा मोठा पडदा लावायचाय आपल्याला. लोड पुरत नव्हता.”

बंदकरताईंना आधी वाटलं, साहेब चेष्टा करतायत.

“साहेब, वाचवलेली वीज म्हणजे न वापरायची वीज.”

“मग वाचवली कशाला?” साहेबांनी विचारलं. अगदी मनापासून विचारलं, तेच जास्त लागलं.

पडदा बसला. भर उन्हात, कुणाला धड दिसतही नसताना तो झगमगायचा. त्यावर हिरवी पानं हलायची आणि ही इमारत पृथ्वीची काळजी घेते असं मोठ्या अक्षरांत सरकत जायचं. पहिल्यांदा ते वाचलं तेव्हा बंदकरताई रस्त्याच्या कडेला उभ्या राहून इतक्या मोठ्याने हसल्या, की शेजारून जाणारा माणूस दचकून बाजूला झाला. हसता हसता डोळे कधी भरले ते त्यांनाही कळलं नाही.

“सोड ती नोकरी,” घरी नवरा म्हणाला.

“सोडून जाऊ कुठे? शेजारच्या इमारतीत? तिथला पडदा तर आपल्याहून मोठा आहे.”

त्या वर्षभर भांड भांड भांडल्या, तेव्हा कुठे पडदा रात्री बंद ठेवायचं मॅनेजरसाहेबांनी कबूल केलं. पदरात पडलं ते एवढंच.

एका सकाळी त्या बाराव्या मजल्यावर गेल्या. दारातल्या मुलीने खांद्यावरची शाल सारखी करत विचारलं, “काही तक्रार आहे का, मॅडम?”

“आहे ना,” बंदकरताई म्हणाल्या, “पण सांगणार कुणाला?” आणि भिंतीवरची डबी शोधत आत शिरल्या.