बाबलने न घेतलेली सही

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तिला माझं सगळं ठाऊक असतं, अगदी कुठल्या दाढेने मला चावता येत नाही तेसुद्धा. एवढं एकच नाही.

मी निवृत्त मुख्याध्यापक. मिठबावच्या अलीकडे आमचं गाव. काही वर्षांपूर्वी मुलीसाठी स्थळं पाहायला लागलो तेव्हा माझ्या डोक्याचा पार गोटा झाला होता. टकल्याची मुलगी म्हणून तिला कोणी नाकारणार होतं का? मुळीच नाही. पण मलाच आरशात बघवेना. जाहिरात वाचून मुंबईच्या एका दुकानातून केसांचा टोप मागवला. डोक्याला दोरा गुंडाळून माप घेतलं, ते फोनवर कळवलं आणि व्हीपीने पाठवा म्हटलं.

व्हीपीत दारात डाकसेवकाला आधी पैसे द्यायचे, मग पार्सल हातात. लगेच घ्यायचं नसेल तर ते सात दिवस टपालात राहतं. सरळ नाकारलं, तर डाकसेवकाने तसा शेरा मारायचा आणि त्याखाली ज्याचं पार्सल त्याची सही घ्यायची. हे नियम मला आता पाठ आहेत. नको तेव्हा पाठ झाले.

आमचा डाकसेवक बाबल. माझाच विद्यार्थी, चार घरं सोडून राहणारा. पार्सल घेऊन आला ते नेमकं बांद्याचे पाहुणे मुलीला बघायला ओटीवर बसलेले असताना. खोक्यावर भांग पाडलेल्या माणसाचं चित्र होतं — ती बाजू बाबलने आपल्या पोटाशी दाबून धरली होती. म्हणजे तो समजला होता. मी मात्र घाबरलो. मुलाचे वडील हसत म्हणाले, "काय मागवलास, गुरुजी?" — आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "ह्यां माझां नाय. परत धाड."

सात दिवस ठेव, एवढं म्हटलं असतं तर भागलं असतं. का नाही म्हटलं?

सहीसाठी त्याने कागद काढला, पाहुण्यांकडे बघितलं आणि परत खिशात घातला. "ऱ्हवांदे गुरुजी, मी लिवतंय."

पुढच्या आठवड्यात दुकानदाराचा फोन आला. तुमच्या मापाचा टोप, आता तो कुणाला बसणार? — चिडणारच तो. मी म्हटलं, माझ्याकडे कोणी आलंच नाही. फोन ठेवला की मिटलं, अशी माझी समजूत. त्याने टपाल खात्याकडे तक्रार केली.

चौकशीला साहेब आले तोवर बांद्याला लग्न ठरलं होतं. टपालाच्या खोलीत मी खुर्चीवर, बाबल दाराशी उभा. साहेबांनी मला विचारलं. खरं सांगायला दोन वाक्यं पुरली असती — पण मग पाहुण्यांपर्यंत गोष्ट जाणार, टोपासकट. मी लिहून दिलं: 'सदर पार्सल घेऊन माझ्याकडे कोणीही आले नाही.' खाली सही, हुद्द्यासकट. घरी न जाताच खोटा शेरा मारला, असा ठपका बाबलवर आला. मुख्याध्यापकाच्या शब्दापुढे त्याचं कोण ऐकणार?

साहेबांनी त्याला विचारलं, त्या वेळी तिथे आणखी कोणी होतं का? नाव सांग, आम्ही विचारतो.

बाबलने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही — तसं बघितलं असतं तर बरं झालं असतं. मग आमच्या शाळेत शिकलेल्या स्वच्छ मराठीत तो म्हणाला, "नाही साहेब. कोणी नव्हतं."

मी तिथेच बसून होतो. मला सुटल्यासारखं वाटलं, हेही सांगून टाकतो. लाज नंतर वाटली. तीही घरी जाऊन, जेवल्यावर.

त्याचं काम गेलं. माझ्या मुलीच्या लग्नात त्याने पंगतीत भात वाढला. माझ्या पानाशी आला तेव्हा मी मान वर केली नाही.

आता तो एका बागायतदाराकडे आंब्याच्या पेट्या भरतो आणि त्यांच्यावर नाव-पत्ते घालतो. अक्षर सुरेख आहे, मीच गिरवून घेतलेलं. वाटेत भेटला की अजून विचारतो, "गुरुजी, बरे मां?" मी बरा म्हणतो. चार घरं चालून त्याच्या दाराशी मी कधी गेलेलो नाही.

दर मे महिन्यात मुलगी माहेरी येते आणि जाताना त्याच बागायतदाराकडून एक पेटी घेऊन जाते. एसटीत हरवू नये म्हणून त्या पेटीवरही नाव घालावं लागतं. बाबल कुणाला विचारत नाही. ब्रश रंगात बुडवतो आणि माझ्यासमोर माझ्या व्याह्यांचं नाव लिहितो, पूर्ण, बांद्याच्या पत्त्यासकट.