मुठीतला फवारा

अमरावतीहून अकोल्याला निघालेल्या एसटीत एक अनोळखी बाई माझ्या शेजारी बसली. बसल्या बसल्या तिने पिशवीतून नाकात मारायच्या औषधाची छोटी बाटली काढली, माझ्या तळहातावर ठेवली आणि माझी मूठ मिटवली.

"ताई, मले फिट येते. पाच मिनिटांत थांबली नाही तं हे नाकात मारजा. पह्यले सुई देणारा डॉक्टरच लागे, आता कोणीबी देऊ शकते. फक्त चप्पल कोणाले हुंगवू देऊ नका."

ते 'कोणीबी' म्हणजे मी! मला रागच आला. पण मी काही बोलायच्या आत ती खिडकीला डोकं टेकून झोपलीसुद्धा.

तिची पापणी हलली की माझी नजर घड्याळाकडे जाई. बडनेऱ्यापुढे गाडी खड्ड्यात आदळली, तिची मान कलंडली, आणि मी बाटलीचं झाकण काढलं. ती घोरत होती. मूर्तिजापूरला तहान लागूनही मी जागची हलले नाही.

अकोल्याला तिने माझी मूठ उघडली. घामाने भिजलेली बाटली तिने पदराला पुसली.

"एरवी फिटीले मी एकलीच भेते, ताई. आज तुमी भेल्या, म्हनून मले झोप लागली."