मास्तरांमधला मेलेला माणूस

टेलरमास्तरांच्या हाताला सफाई होती. खोट होती ती जिभेत. कापडाला कात्रीही लागलेली नसताना "फक्त काजं-बटणं राहिलीत" असं ते इतक्या मायेनं सांगत, की गिऱ्हाईक त्यांचेच आभार मानून परत जाई.

गेल्या महिन्यात मात्र मास्तर चर्चमध्ये उभे राहिले आणि डोळे पुसत म्हणाले, "माझ्यातला जुना माणूस मेला. प्रभूनं मला नवं केलंय."

पंधरा दिवस बरे गेले. मग नवरीची आई दुकानात आली.

"मास्तर, येत्या शनिवारी मुलाकडच्या गावी लग्न. झगा कुठवर आलाय?"

मास्तरांनी तोंड उघडलं, आणि आतून तो मेलेला माणूस खणखणीत बोलला, "झालाच की ताई! फक्त काजं-बटणं राहिलीत."

पांढरं साटीन कपाटात घडीसुद्धा न मोडता पडलं होतं.

ताई खूश होऊन गेल्या. मास्तर मशीनवर डोकं टेकून बसले.

"काय झालं हो?" बायकोनं विचारलं.

"तो जिवंत आहे गं."

"कोण?"

"मीच!"

सगळं ऐकून बायको म्हणाली, "मग बसलात काय? कोपऱ्यावर गाठाल त्यांना. पळा!"

गळ्यात टेप, एकाच पायात चप्पल, असे मास्तर धावले. सगळ्या बाजारात छी-थू होणार, बांधलेली गिऱ्हाइकं तुटणार, हे त्यांना दिसत होतं. तरी भाजीवालीसमोर ताईंना गाठून त्यांनी डोळे मिटले.

"ताई, थाप मारली. झगा अजून कापलासुद्धा नाही. माफ करा."

मास्तरांनी एक डोळा उघडला. ताईच लाल झाल्या होत्या.

"मास्तर, लग्न येत्या नाही, त्यापुढच्या शनिवारी आहे."

"म्हणजे?"

"तुमच्याकडे शिवायला टाकायचं तर आठ दिवस आधीची तारीख सांगावी लागते. सगळेच सांगतात."

"अहो ताई, तुम्ही तर चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसता!"

"माझ्यातली जुनी बाईही अजून मेलेली नाही हो! देव तिथूनही मला ढकलत ढकलतच नेतोय."

दोघं इतके हसले, की भाजीवालीचा तराजू हातातच राहिला.

मास्तर हलक्या अंगानं परतले, तर दारात पँट शिवायला टाकलेलं एक गिऱ्हाईक उभं.

"झाली का?"

मास्तरांनी जीभ दातांखाली धरली, मनात देवाला हाक मारली आणि म्हणाले, "हातही लावला नाही. बुधवारी या."

पँटवाल्यानं घाबरून मास्तरांच्या बायकोकडे पाहिलं. "वहिनी, मास्तरांना बरं नाही का?"

"उलट," वहिनी म्हणाल्या, "आत्ता कुठे उतार पडतोय."