आगीचा खाडा

जिन्याच्या वळणावर सर अचानक थांबत, नाक वर करत आणि विचारत, "काय जळतंय रे?"

"सर, खाली वडे तळतायत."

"बघून ये."

परळच्या आमच्या कॉलेजात मी त्यांच्या हाताखाली वनस्पतिशास्त्र शिकवायचो आणि वरचेवर वडे बघून यायचो. येताना दोन घेऊनही यायचो. भित्री माणसं तुम्हीही पाहिली असतील. पण या भित्र्या माणसाचा उभा जन्म आगीच्याच अभ्यासात गेला होता.

मालवणकडच्या गावी, सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या माळावर, त्यांचा अभ्यासाचा एक तुकडा होता. आजूबाजूला शिमग्याच्या सुमारास कोणीतरी गवत पेटवायचं. सर लालबागच्या गिरणी कामगाराचे चिरंजीव, त्यामुळे वर्गातही गिरणीच्या भाषेत बोलायचे. "आगीने मधूनमधून खाडा करायला हवा. दरवर्षी कामावर आली, तर नुसतं गवत उरतं. कायमची घरी बसली, तर झुडपं सगळं गिळतात. दोनतीन वर्षं खाडा केला, की सगळ्यांना जागा मिळते. दीपकाडीलासुद्धा." दीपकाडी म्हणजे सड्यावरचं पांढरं, नाजूक फूल. तिचं नाव घेताना त्यांचा आवाज हळू व्हायचा.

तुकडा लागोपाठ दोन वर्षं जळला. जळल्यावर दीपकाडी जमिनीतल्या कांद्यातून पुन्हा फुटते, पण नव्या रोपांचे कांदे अजून भरलेच नव्हते. "तिसऱ्यांदा जळला तर संपलं रे," सर म्हणाले, आणि नोकरीत कधी खाडा न केलेला हा माणूस रजा टाकून राखणीला गेला. तिथे ते एकटे काय करणार, या काळजीने मला जेवण जाईना.

एका दुपारी त्यांचा फोन आला. "वास येतोय रे."

"सर, खाली वडे तळत असतील," मी सवयीने म्हणालो.

"इथे खाली कोणी नाही."

आवाज कापत होता. मागे गवत तडतडत होतं. मी "पळा सर, पळा" म्हणून ओरडत राहिलो. फोन कधी बंद झाला ते कळलंच नाही.

संध्याकाळी गावकऱ्यांना ते तुकड्याच्या बांधाशी सापडले. हातात आग झोडपायची हिरवी डहाळी होती. अंगावर भाजल्याची खूण नव्हती. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं. मी म्हणतो, भीतीने. आग मात्र बांधाच्या बाहेरच विझली होती. पावसाळ्यात मी गेलो तेव्हा आत दीपकाडी फुलली होती. मला ती धड बघवली नाही.

अजूनही जिन्यात वास आला की माझे पाय थांबतात. वडेच असतात, मला माहीत असतं. तरी मी खाली जातो आणि तळणारा माणूस तिथे उभा आहे ना, तेवढं बघून येतो.