चाची आणि म्हादूच्या चौघी

चाची बांगड्या भरायची तेव्हा बायका हाताकडे बघत नसत, तिच्या तोंडाकडे बघत. काच मनगटावर चढताना जीव नकोसा होतो, पण तिकडे कुणाचं लक्षच नसायचं. चाची पौडची, मुसलमान. सणासुदीला बांगड्यांच्या माळा खांद्यावर टाकून धरणाकाठच्या आमच्या वाडीत यायची, ओसरीवर पाय पसरून बसायची आणि पहिला हात हातात घेतला की विचारायची, "मागल्या टायमाला कुटं थांबलतो?" मग सगळ्या एकदमच सांगायला लागत.

गोष्ट एकच, वर्षानुवर्षं चाललेली. म्हादू नावाचा एक गुराखी, अगदीच बावळट. त्याच्या घरात तिघीजणी येऊन राहिलेल्या. एक नागकन्या, एक आसरा, म्हणजे धरणाच्या पाण्यातली देवता, आणि एक उलट्या पायांची हडळ. चौथी शेजारची यमुना, आपल्यासारखीच माणसातली. चौघींनाही लग्न म्हादूशीच करायचं, आणि म्हादूला वाटे, पाव्हण्या आहेत, जातील आज-उद्या. आसरा पदर पिळून घरभर चिखल करायची. नागकन्या रुसली की दुधाचं भांडं लपवायची. हडळ भांडून घर सोडून गेली, तरी पावलांचे ठसे घरात आल्यासारखेच उमटत. म्हादूची आई ते बघून म्हणे, "हीच सून गुनाची. घर सोडून कुटं जात न्हाई."

एकदा एका म्हातारीने चाचीला दटावलं, आसरांची थट्टा बरी नव्हे. चाची लगेच म्हणाली, "थट्टा कुटं, आत्याबाई? पुढल्या खेपंला म्हादू तिची खना-नारळानं ओटी भरतोय." आणि खरंच पुढच्या खेपेला तिने तसं करून दाखवलं. म्हातारी त्या दिवसापासून आसरेची झाली.

वाडीत चार तट पडले होते. माझी आई यमुनेकडून, समोरची सोनाकाकू नागकन्येकडून. त्यावरून दोघी पाणवठ्यावर कितीतरी दिवस एकमेकींशी बोलत नव्हत्या. मी हडळीची, कारण उलट उत्तर तेवढी एकटीच द्यायची. पुरुष आम्हाला हसत. पण आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, गोठ्यात वैरण टाकायचं काम नेमकं चाची आली की आठवायचं. एकदा आतून आवाज आला, "त्या यमुनेचा ताप उतरला का गं?"

एवढं काय होतं त्या गोष्टीत? म्हादूत तर काही राम नव्हता. पण आम्हाला बघायला पाव्हणे येत, चालून दाखव म्हणत, दात बघत. आणि इथे चौघीजणी एका पुरुषाला पारखत होत्या, आणि तो बिचारा मध्ये बसून भाकरी खात होता. बरं वाटायचं ऐकायला, दुसरं काय. "म्हादू हो कुनाला म्हनंल?" असं कुणी विचारलंच, तर चाची म्हणे, "त्याला कोन इचारतंय? त्या ठरवतील."

मी एकोणीस वर्षांची असताना आबांनी माझं लग्न ठरवलं. मुलगा खाली कोकणातला, घरचा चांगला. त्याने मला बघितलं होतं, मी त्याचे नुसते बूट बघितले होते. मला शिकून शिक्षिका व्हायचं होतं. आईला म्हटलं, मला हे लग्न नको. आई म्हणाली, "मला तरी कुनी इचारलं हुतं?" आणि जात्याकडे वळली.

लग्नाच्या आदल्या दिवशी हिरवा चुडा भरायला चाची आली. पहिलीच बांगडी माझ्या मुठीवर तडकली. चुड्याची बांगडी फुटणं म्हणजे अपशकुन. दुसरीही गेली. "सैल सोड, पोरी," म्हणत चाची माझा हात चोळत राहिली, पण मूठ काही उघडेना. मी मुद्दाम करत नव्हते.

"नगं हाय का तुला?" तिने सगळ्यांसमोर विचारलं.

"नगं म्हनलं तर चालतंय का?" मी म्हणाले, आणि मला रडूच आलं.

चाचीने माळा पुन्हा खांद्यावर टाकल्या. मांडवात गेली आणि आबांना म्हणाली, "दादा, हा चुडा माझ्या हातनं व्हायचा न्हाई. आदी पोरीला इचारा."

पाव्हण्यांदेखत आबांना विचारावंच लागलं. विचारलं ते दातओठ खात. मी नको म्हणाले. लग्न मोडलं. आबांनी चाचीला बजावलं, पुन्हा वाडीत पाऊल टाकायचं नाही. बाकीच्या पुरुषांनीही तेच ठरवलं. तिचं पोट आमच्यासारख्या वाड्यांवर होतं. दिवाळी आली तशी गेली, चाची आली नाही. मला ते फार लागलं.

संक्रांतीच्या आधी एका सकाळी आई ठेवणीतलं लुगडं नेसून ओसरीवर आली. "पौडला चाललेय," आबांना म्हणाली, "बांगड्या भराया."

"एकटीच?"

"न्हाई."

बाहेर सोनाकाकू उभी होती. तिच्यामागे वाडीतल्या झाडून सगळ्या बायका. आबा दारातून बाजूला झाले, मीही आईमागे निघाले.

चाची घराच्या ओट्यावर तांदूळ निवडत होती. एवढ्याजणी आलेल्या बघून ती उठून उभी राहिली. पदराने डोळे पुसायला लागली. आई तिच्यासमोर मांडी घालून बसली आणि हात पुढे केला.

"भर," आई म्हणाली. "आन् भरता भरता म्होरं सांग."