सव्वा किलो रव्याचं गणित

पुण्याची एसटी लागली तेव्हा अब्बांनी माझी वळकटी स्वतः बांधून टपावर चढवली. कोल्हापुरात शाहूपुरीत आमचं गाद्या भरायचं दुकान. वळकटी दुसऱ्या कुणी बांधलेली त्यांना चालायची नाही. आपा, माझी थोरली बहीण, घरीच थांबली होती. खरं तर त्या गाडीनं आम्ही दोघांनी जायचं ठरलं होतं. "भाऊ संगट हाय, तर जाऊ दे की पोरीला," असं अब्बा स्वतः अम्मीला म्हणाले होते. आमच्या गल्लीत बापानं असं म्हणणं ही केवढी गोष्ट होती, ते पुण्यात कुणाला सांगून कळत नाही.

पुण्यात सरकारी कचेरीत कारकून भरायचे होते. परीक्षा राज्यभर एकच, गणिताचा पेपर सगळ्यांना सारखा. आम्ही दोघंही बसलो होतो. मला त्रैराशिक शिकवलं ते आपानंच. पण पेपरात एक गणित क्रिकेटचं निघालं. इतक्या ओव्हरमध्ये इतक्या धावा, तर चेंडूमागे किती? ओव्हरमध्ये चेंडू किती ते दिलंच नव्हतं. मी मैदानावर वाढलेला. आपाला मैदानाकडे फिरकू कोण देणार? तिनं अंदाजानं दहा धरले.

दुसरं गणित सत्यनारायणाचं. प्रसादाला सव्वा किलो रवा घेतला, तर साखर आणि तूप मिळून किती लागेल? रवा, साखर, तूप, सगळं सव्वाच घ्यायचं, हे शेजारच्या पोरांना तोंडपाठ. आमच्याकडे प्रसाद यायचा तो द्रोणातून, तयार. आपानं अम्मीच्या हलव्याचं माप धरलं. साखर जरा कमी, तूप निम्मं. आकडेमोड बिनचूक आणि उत्तर चूक. मी ते गणित सोडूनच दिलं होतं. माझं एक गेलं, तिची दोन गेली. तेवढ्यावरच तिची नोकरी हुकली.

"न्हाय जमलं तर न्हाय. नशिबात नव्हतं," अब्बा म्हणाले. वर्षाच्या आत आपा बिद्रीला नांदायला गेली. नशीब कसलं डोंबलाचं.

मी पुण्यात रुळलो. मेस सुटली, ब्लॉक झाला, प्रमोशन मिळालं, स्कूटर आली. एकदा धीर करून साहेबांपुढे हा विषय काढला. ते हसले. "अहो, गणिताला कसली जात नि कसला धर्म? दोन नि दोन चारच." मग त्यांनी माझ्यासाठी चहा मागवला. मी लेखी अर्जही केला. त्याला उत्तर आलं नाही.

यंदा आपाची मुलगी नसीम त्याच परीक्षेला बसली. आपानं तिला रेडिओवरची कॉमेंट्री ऐकवली, शेजारणीला विचारून प्रसादाचं माप पाठ करून घेतलं. पेपरात आलं ते स्कूटरचं: पाच लिटर पेट्रोलमध्ये नेहमीच्या प्रमाणात ऑईल किती मिसळायचं? आपाच्या दारात साधी सायकलही नाही. नसीम राहिली. तिचं लग्न ठरलं.

लग्नाला बिद्रीला गेलो. "पावणं, बसा की," म्हणत कुणीतरी खुर्ची पुढे केली. आपाला बाजूला घेऊन म्हटलं, लग्नानंतरही बसू दे तिला पुन्हा परीक्षेला.

"कशाला रं?" आपा म्हणाली. "पुढच्या खेपंला आणि तिसरंच कायतरी इचारतील."

कोल्हापूर सोडल्याचं दुःख मी पुण्यात इतकी वर्षं कुरवाळत बसलोय, मित्रांना ऐकवतोय. आपाला सोडायचं होतं, आणि तिला ते सोडूच दिलं नाही. तिच्यासमोर मी घराची आठवण येते असं कुठल्या तोंडानं म्हणू?