होय महाराजा, तो स्वतःच म्हणाला

मी चौथी शिकलेला माणूस. शुद्धलेखन माझं नाही, शेजारच्या मास्तरांचं आहे. मजकूर माझा.

भूत, देवचार, करणी... यातलं मी कधी मानलं नाही. गिरणीत रात्रपाळ्या काढल्या, तिथे लोकांना काय काय दिसायचं, मला डास सोडून काही दिसलं नाही. आमचे वडील गावच्या देवळात गाऱ्हाणं घालायचे. कोकणातल्या लोकांना सांगायला नको, इतरांसाठी सांगतो - एकजण देवाकडे सगळ्यांच्या वतीने मोठ्याने मागणं मागतो आणि प्रत्येक मागण्यावर जमलेले लोक ‘होय महाराजा’ म्हणतात. मला ते ऐकून ऐकून पाठ. पण माझ्या लेखी ती रीत होती, बाकी काही नाही.

माझी बायको अनसूया. तिचं माहेर म्हणजे खाडीच्या तोंडावरचं एक बेट. रस्ता नाही, होडीशिवाय जाता येत नाही. पावसात तर आठ-आठ दिवस होडीही बंद. पुरुष सगळे मुंबईला, मागे बायका आणि म्हातारे. अशा बेटावर रोहित नावाचा एक पोरगा सुट्टीला गेला आणि तिथलं तिरफळ, कोकम, ईडलिंबाची साल हुंगून त्याच्या डोक्यात आलं की याची जिन, म्हणजे विलायती दारू, बनवायची. लोअर परळला जुन्या गिरणीच्या आवारात त्याने काचेच्या खोलीत तांब्याचं मोठं भांडं बसवलं. तो म्हणायचा डिस्टिलरी. आम्ही म्हणायचो भट्टी. परवानगी कशी काढली देव जाणे.

खरं ते सांगतो, त्या भट्टीने बेटाला जगवलं. बायका साली वाळवून पोती पाठवायला लागल्या, होडीला इंजिन आलं. वर्षभर चूल पेटती राहिली. हे मी नाकारत नाही.

अनसूया लालबागहून रोज भट्टीवर जायची. तिरफळाच्या आतली काळी बी काढायचं काम. ती राहिली तर माल कडू होतो. रोहितला तोंडावर सांगायची, “शेठ, घाई कराल तर गिऱ्हाईक थू करून जाईल.” तो हसायचा, मावशी मावशी करायचा. घरी येऊन मला म्हणायची, “पोरगो वायट नाय हो. पण पावणे दिसले की तेका आपली माणसां दिसनत नाय.”

तसंच झालं.

एका दुपारी तिथे मोठे पाहुणे येणार होते, जिन चाखायला. अनसूयेच्या छातीत दुखायला लागलं, घाम फुटला. पाहुणे दारात. रोहितने तिला मागच्या दाराबाहेर खुर्ची टाकून दिली. म्हणाला, मावशी जरा हवेत बसा, हे आटपलं की बघू. आटपेपर्यंत ती आटपली. परळमध्ये काय हॉस्पिटलांचा दुष्काळ आहे? हाक मारली असती तर ऐकू गेली असती. गेटवरच्या मिश्राने मला सगळं सांगितलं. “चाचा, मैंने अंदर जाके बोला, अस्पताल ले जाओ. सेठ बोला, गेट पे जा, पार्टी के बाद देखेंगे.”

रोहित मयताला आला. रडलाही. पुढे महिन्याभरात सांगत आला, “काका, नव्या बाटलीवर मावशींचा फोटो टाकतोय. लाँचला तुम्ही या. आणि ते गाऱ्हाणं घालतात ना तुमच्यात, ते घाला. एकदम ऑथेंटिक होईल.”

मी म्हटलं, घालतो की.

त्या दिवशी बेटावरून तारावहिनी आली होती. अनसूयेच्या भावाची बायको, पोत्यांचं सगळं तीच बघते. बाकी सगळे सूटबूटवाले. रोहितने सगळ्यांना शिकवलं, काका थांबले की ‘होय महाराजा’ म्हणायचं. मोबाईल वर करून सगळे तयार. माझ्या हातात माईक दिला. मी नारळ ठेवला.

“बा देवा राखणदारा म्हाराजा...”

“होय महाराजा!”

“बेटावरच्या बायलमाणसांच्या पोटाक हात लावू नको. त्येंच्या चुली पेटत्या ठेव रे म्हाराजा...”

“होय महाराजा!”

“आणि माझ्या अनसूयेक ज्येणा दारामागे मरूक बसवल्यान, तेच्या जिभेची चव नि नाकाचो वास काढून घे रे म्हाराजा!”

“होय महाराजा!”

सगळ्यात मोठा आवाज रोहितचा. गाऱ्हाण्यात शब्द ऐकतंय कोण, माणूस नुसता होकार देतो. ऐकलं एकट्या तारावहिनीने.  मला बाजूला ओढून म्हणाली, “भावोजीनू, ह्या काय मागलास? आमच्या पोटार येतला मा!”

“तुमच्या पोटाचा आधी मागलंय.”

“देव काय वकील आसा, कलमां वाचून निवाडो करूक?”

तेवढ्यात रोहितने पहिला ग्लास उचलला. हुंगला. परत हुंगला. घोट घेतला आणि बारवाल्याला म्हणाला, “यात पाणी ओतलंयस का?” पाहुणे तर वा वा करत होते. त्याने लिंबाची फोड उचलून चावली. चेहऱ्यावर सुरकुती हलली नाही. मी समोर उभा राहून बघितलं. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

सगळे डॉक्टर झाले, मशिनी झाल्या. काही सापडलं नाही. भट्टी मात्र जोरात चालली. चाखायला गोव्याहून माणूस ठेवला. बेटाची पोती वाढली. वहिनी फोनवर म्हणाली, “देवान कलमां वाचलेली दिसतत.”

मग गेल्या गणपतीनंतर रोहित आमच्या चाळीत आला. वाळला होता.

“काका, चव गेली ते गेलंच. पण आता एक वास येतो. एकच. चहात तोच, जिनमध्ये तोच. मुलीला जवळ घेतलं तरी तोच.”

“कसला?”

“थंड... कापरासारखा. डोळ्यांत पाणी येतं.”

तो वास माझ्या ओळखीचा होता. ते का, सांगतो. पार्टी उरकल्यावर तिला नेलं, त्या हॉस्पिटलमधून अनसूयेला ताब्यात दिली तेव्हा नर्सने तिच्या मुठीतून काढलेली बामाची बाटली माझ्या हातात ठेवली होती. ब्लाउज बामाने ओला. गॅस समजून बिचारी एकटी छाती चोळत बसली असणार. हे मी कोणाला बोललो नव्हतो. वहिनीला नाही, मिश्राला नाही. आणि गाऱ्हाण्यात वास काढून घे म्हटलं होतं, वास दे म्हटलं नव्हतं.

“तारामावशी म्हणाल्या, उलटं गाऱ्हाणं असतं, मागितलेलं परत घ्यायचं,” रोहित म्हणाला. “घाला ना काका. पाया पडतो.”

“घालतो. एक सांग. शेवटी ती काय बोलली? मला बोलव म्हणाली?”



“माहीत नाही. तिथे... कोणीच नव्हतं, काका.”

“मग जा.”

मास्तर म्हणतात व्हायरस असेल. असेल. पण व्हायरसला माझ्या बायकोचा बाम कोणी सांगितला? याचं उत्तर मला आजही सापडलेलं नाही, आणि मी शोधतही नाही.

उलटं गाऱ्हाणं माझ्याशिवाय आता कोणाला येत नाही. मी ते कोणाला शिकवलेलं नाही. आणि माझं वय झालंय.